वकीलबाईंना कळवत राहा

लालबाग, मुंबई

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याची नवी नोकरी लागल्यापासून थकलेल्या पगाराच्या दाव्याचा विषय काढला की तू "वकीलबाई बघतील" एवढेच म्हणतेस, म्हणून हे पत्र. वकीलपत्रावर सही केली म्हणजे आपले काम संपले, असे होत नाही. फोर्टात वकिलांकडे कारकुनी करताना मी पाहिले आहे की, पक्षकार गप्प राहिला तर उलटतपासात समोरच्याने काढलेला कागद पाहून चांगला वकीलही गडबडतो.

जुन्या कंपनीतून फोन आला आणि अर्धी रक्कम घेऊन ‘फुल अँड फायनल’वर, म्हणजे आता काही येणे उरले नाही अशा कागदावर, सही करण्याविषयी बोलणे झाले, हे तू मला सांगितलेस, पण वकीलबाईंना नाही. ते आजच कळव आणि तोवर कशावरही सही करू नकोस. खात्यात एखादी रक्कम जमा झालीच, तर तेही त्याच दिवशी सांग, कारण मागणीचा आकडा बदलतो आणि प्रतिज्ञापत्रावर सही तुझी आहे. नव्या नोकरीचेही सांग. केलेल्या कामाचा पगार त्यामुळे बुडत नाही, मात्र लपवलेली गोष्ट साक्षीत उघडी पडली की बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

वकीलबाई दिवसभर कोर्टात असतात, तेव्हा लांबलचक व्हॉइस नोट नको. संध्याकाळी प्रकरण क्रमांक, पुढची तारीख आणि एकच नेमका प्रश्न लिहून ईमेल कर. प्रत्येक तारखेनंतर रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, काय नोंदले गेले, ते विचार. जुना फोन मोडीत काढू नकोस. पगाराबद्दल मॅनेजरशी झालेले चॅट त्यातच आहे, आणि ते पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र जोडायचे तर मूळ फोन हाताशी असलेला बरा.

वारंवार लिहूनही उत्तर आले नाही, तर वकील बदलता येतो. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितले आहे. पण एका ईमेलला उशीर झाला म्हणून तुझ्यासारखे रुसून बसणे मला पटत नाही.

पुढची तारीख तुझ्या साक्षीची आहे. कोर्टात मी येऊन बसेन, पण पिंजऱ्यात तुलाच उभे राहायचे आहे, तेव्हा रजेचा अर्ज आत्ताच दे आणि रजा मंजूर झाली की नाही, ते वकीलबाईंना लेखी कळव.

तुझे,
बाबा