निवडणुकीत शेतकऱ्याची बंदूक सरसकट जमा करू नका

संपादक महाशय,

निवडणूक जाहीर झाली की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बागायतदाराच्या पोटात गोळाच येतो, कारण दोन-चार दिवसांत पोलीस स्टेशनातून निरोप येतो, बंदूक आणून जमा करा. 2024 ला लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, आमच्याकडे मतदान 7 मेला आणि निकाल 4 जूनला, म्हणजे काजूचा आख्खा सीझन त्यात गेला. माझी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची, बंदूक तिकडे पडून आणि इकडे कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, रानडुकरांनी नवी लावलेली केळी मुळासकट उपटली, खेतींनी (माकडांनी) कोवळे नारळ पाडले, मी आणि मुलगा रात्र रात्र डबे वाजवत बसायचो. डब्याला डुक्कर दोन दिवस घाबरतं, मग ओळखतं. बंदूक परत मिळाली तेव्हा नळीला गंज चढलेला.

आता कायदा काय म्हणतो बघा. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये पीक रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन द्यायचं असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे ही आमच्यावर मेहरबानी नाही. लायसन सस्पेंड किंवा रद्द करायचं असेल तर कलम 17 प्रमाणे कारण लेखी नोंदवावं लागतं आणि कलम 18 मध्ये अपिलाची सोय आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनाही सगळ्यांच्या बंदुका घ्या अशा नाहीत, प्रत्येक जिल्ह्यात स्क्रीनिंग कमिटी बसवून कोण जामिनावर आहे, कोणावर गुन्हे आहेत, आधी दंगलीत कोण होता ते बघून ठरवायचं असतं, आणि मुंबई हायकोर्टानेही सरसकट आदेश चालणार नाही असं सांगितलंय. मग ज्याच्यावर आयुष्यात एक तक्रार नाही त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची बंदूक कशाला? बँकेच्या गार्डला आणि नेमबाजीच्या खेळाडूंना सूट मिळते, ती मिळायलाच हवी, पण मग आम्हाला का नाही.

कोणी म्हणेल यांना शिकार करायचीय. नाही हो. परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहूदे, आम्ही म्हादई अभयारण्याच्या कडेला राहणारी माणसं, जनावरांवर आमचा राग नाही. आम्हाला फक्त हवेत एक बार काढायचाय, त्या आवाजाने कळप मागे फिरतो. आणि जो खरोखर शिकारीला जातो त्याचं लायसन काढून घ्या, त्याला आमचा पाठिंबा आहे.

कलेक्टर साहेबांना विनंती एवढीच की पुढच्या निवडणुकीआधी कमिटीने पीक रक्षणाच्या लायसनांची यादी वेगळी काढून एकेकाचं रेकॉर्ड तपासावं, ज्याची बंदूक घ्यायचीच त्याला कारण लिहून द्यावं, आणि निकाल लागल्यावर आठवड्याभरात परत करावी. त्यासाठी मामलेदार ऑफिसात अर्ज द्यायचा असेल तर आम्ही उद्याच येतो, कागदपत्रं सगळी तयार आहेत.

एक बागायतदार, सत्तरी