प्लास्टर निघेपर्यंत ट्रामने जा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

ट्रामच्या रुळात चाक अडकून तू पडलीस, मनगटाला प्लास्टर घातलंय, हे मला दादाकडून कळावं? रागावले नाही. रात्री झोप लागते का, तेवढं लिही.

तू पाठवलेले, डच छायाचित्रकार रिनेके डाइक्स्ट्रांनी काढलेले फोटो पाहिले. मासिकांसाठी लोकांचे फोटो काढायची कामं त्यांनीही सोडली, म्हणून तूही नोकरी सोडलीस, असं बाबांना पटवत होतीस. माझ्या डोक्यात मात्र एकच राहिलं: १९९० साली त्यासुद्धा सायकलवरूनच पडल्या होत्या. खुबा मोडला. बरं होण्यासाठी पोहत होत्या, आणि १९९१ मध्ये पोहून दमल्यावर अ‍ॅमस्टरडॅमच्या तरणतलावात त्यांनी स्वतःचा फोटो काढला. पोझ घ्यायचं त्राणच नव्हतं. त्यांच्या फोटोंतली समुद्रकिनाऱ्यावर अवघडून उभी असलेली ती मुलं त्यातूनच पुढे आली, म्हणशील. खरं असेल. पण त्यासाठी पडायलाच हवं असं नाही ना गं? तिथे नेदरलँड्समध्ये कुणी हेल्मेट घालत नाही म्हणे. तू घाल.

त्यांनी काढलेल्या बाळंतिणींच्या फोटोंपाशी मी फार वेळ थांबले. मावशी म्हणाली, हे काय दाखवायचं असतं? मला तसं नाही वाटलं. दमलेल्या, भिंतीपाशी उभ्या, बाळ छातीशी घट्ट. तू झालीस तेव्हा आरसा मागितला, तर आजी म्हणाली, नंतर बघ. तो चेहरा आज बघायला आवडला असता.

आणि अल्मेरिसा! बोस्नियातून आलेली चिमुरडी, १९९४ साली निर्वासितांच्या केंद्रात खुर्चीवर बसलेली, पाय जमिनीला न टेकणारे. २००८ पर्यंत त्या तिचे फोटो काढत राहिल्या, शेवटी तिच्याच मांडीवर बाळ. एका माणसाचा इतकी वर्षं पिच्छा पुरवायचा तर हातपाय धड हवेत. तो चार बाय पाच इंची फिल्मचा मोठा कॅमेरा आणि तिपाई पाठीला लावून सायकल चालवत होतीस ना? बाबांनी लगेच ओळखलं. माफ कर, उपदेश करायचा नाही असं ठरवून बसले होते.

हेगच्या सुरिनामी आजींचे तुझे फोटो बाबांनी ऑफिसात सगळ्यांना दाखवले. तुला सांगू नको म्हणाले.

भाड्याला कमी पडलं तर दादाला नको, मला सांग. प्लास्टर निघेपर्यंत ट्रामनेच जा, आणि निघाल्यावरही पावसात सायकल काढू नकोस.

तुझी आई