सुई टोचण्याआधी एकदा आत बघू द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी डायलिसिस विभागातली सिस्टर. पेशंट बेडवर आला की आधी त्याच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून धमनीला जोडलेल्या हातातल्या शिरेवर, बोटं ठेवते. आत थरथर लागली की जीव भांड्यात पडतो. पण शीर किती खोल आहे, कुठे वळते, हे बोटांना दर वेळी कळत नाही. जाड हात किंवा नवा फिस्टुला असला की अंदाजानंच टोचायचं. आठवड्याला तीन डायलिसिस, दर वेळी दोन सुया, म्हणजे एका माणसाला वर्षाला ३१२ वेळा.

गेल्या पावसाळ्यात शेतमजुरी करणाऱ्या एक मावशी आल्या. नवा फिस्टुला. माझी सुई शिरेतून आरपार गेली आणि कोपरापर्यंत हात काळानिळा झाला. पुढे तो फिस्टुला बंदच पडला, डायलिसिससाठी मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालावी लागली. उलट त्याच माझी समजूत काढत होत्या. आतली शीर दाखवू शकेल असं सोनोग्राफीचं मशीन त्याच इमारतीत होतं, कुलपात.

आम्हा सगळ्या सिस्टर्सना ते हवंच आहे असं नाही. आमच्या एक सीनियर म्हणतात, मशीन आलं की बोटांची सवय जाईल. ते मला थोडं पटतं. धाकट्या विचारतात, पाळी बदलताना एकेका सिस्टरकडे चार-पाच पेशंट, प्रोब (मशीनचा कातडीवर फिरवायचा भाग) धरायला वेळ कुठला? पण प्रोबला हात लावला आणि उद्या चौकशी लागली तर, ही भीती मात्र सगळ्यांनाच आहे.

भीती उगाच नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्या राज्यानं केला, १९८८ मध्ये. केंद्राचा आला १९९४ मध्ये. सोनोग्राफी मशीन कुठे आणि कोणी वापरायचं, यावर त्याच कायद्याची बंधनं आहेत. त्यातलं एक कलमही सैल करा असं मी म्हणणार नाही. पण शिरा बघायचा लिनियर प्रोब कातडीखाली काही सेंटीमीटरच नीट दाखवतो. पोटातल्या बाळासाठी वापरतात तो प्रोब वेगळा. अमेरिकेच्या किडनी फाउंडेशननं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, गरज असेल त्या पेशंटला प्रशिक्षित हातांनी अल्ट्रासाउंड बघून सुई घालणं योग्य मानलं आहे. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या डायलिसिस नर्स ते करतातही.

या कायद्याखालच्या राज्य पर्यवेक्षकीय मंडळाचे अध्यक्ष आपणच असता. म्हणून आपल्याकडूनच लेखी खुलासा हवा आहे: नोंदणी झालेल्या रुग्णालयात, फक्त लिनियर प्रोब असलेल्या मशीनवर, प्रशिक्षण घेतलेल्या डायलिसिस नर्सनं फिस्टुला बघितला तर चालेल की नाही? चालत असेल तर कोणत्या अटींवर? हवी तर प्रत्येक वापराची नोंद ठेवू, रजिस्टर भरायची आम्हाला सवय आहे. केंद्राच्या नियमात बदल लागत असेल तर तशी शिफारस मंडळानं करावी. आणि प्रशिक्षणासाठी ड्यूटीतलेच दिवस द्यावेत, सुट्टीतले नकोत.

मावशींच्या उजव्या हाताला आता दुसरा फिस्टुला केलाय. पुढच्या महिन्यात त्यात पहिली सुई घालायची आहे, आणि ती पाळी माझीच आहे.

आपली,
एक डायलिसिस सिस्टर