आधी गाणे, मग कहाणी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. माझा रक्तदाब ठीक आहे, आईचा गुडघाही बरा आहे. पत्राचे कारण निराळे आहे.

परवा अण्णांकडच्या बैठकीत ब्लाइंड विली जॉन्सन हा अमेरिकन गायक-गिटारवादक ऐकवला. त्याआधी एका जाणत्या गृहस्थांनी त्याचे अंधत्व, टेक्सासमध्ये रस्त्यावर गाणे, 1945 साली ब्यूमाँटचे घर जळाल्यावर ओल्या अंथरुणात काढलेल्या रात्री आणि हिवतापाने आलेले मरण इतके रंगवून सांगितले, की पुढची सव्वातीन मिनिटे सगळे नुसते हळहळत राहिले. तारेवर तो काय करतो, हे एकानेही विचारले नाही. तेव्हापासून मन अस्वस्थ आहे, आणि हे तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?

3 डिसेंबर 1927 रोजी डॅलसला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झालेल्या ‘डार्क वॉज द नाइट’मध्ये शब्द नाहीत. क्रूसावर जाण्याआधी येशूने गेथशेमनेच्या बागेत काढलेल्या रात्रीवरचे ते जुने भजन, पण हा केवळ हुंकारतो, आणि पडद्यावर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) तार न दाबता सरकत जाणारी गिटार कधी त्या हुंकाराला उत्तर देते, तर कधी त्याच्याच बरोबरीने चालते. इतर गाण्यांत तर ओळीचा शेवटचा शब्द तो गळ्यातून सोडून देतो आणि गिटारकडून म्हणवून घेतो. एवढा विचार आणि एवढी तयारी असलेला माणूस केवळ अभागी म्हणून लोकांपुढे यावा, हे मला सहन होत नाही.

गिटारला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, येत नाही, या तुझ्या हट्टावरून आपला अबोला झाला होता, आठवते ना? 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या गाण्यांच्या तबकडीवर केसरबाई केरकरांच्या ‘जात कहाँ हो’च्या पाठोपाठ हाच जॉन्सन आहे. ती दोन्ही एकदा लागोपाठ ऐक आणि मग माझ्याशी भांड. केसरबाईंविषयी बोलताना आपण त्यांचा दमसास, तान आणि अल्लादियाखाँसाहेबांची तालीम यांवर तासन्‌तास बोलतो. तोच मान त्याला का मिळू नये? त्याची ध्वनिमुद्रित गाणी सारी 30, तीही 1927 ते 1930 मधली. एका संध्याकाळी निम्मी तरी नीट ऐकून होतील.

चिन्मयच्या नोकरीचे कळले, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार सांग. दिवाळीत येशील तेव्हा बैठकीत तूच बोल, आणि चरित्र शेवटी सांग. तारीख मी अण्णांशी बोलून कळवतो.

तुझा,
विनायक