खालची ओळ

शहापूर, बेळगाव
गुरुवार, दुपार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आप्पा, घेऊ का ही नोकरी?" आणि मी नुसतं "बघूया" म्हणालो. मग तुझ्या आईने फोन ओढून घेतला आणि पुढचा अर्धा तास भरल्या वांग्यात गेला. म्हणून हे पत्र. मला बोलण्यापेक्षा लिहिताना सुचतं, हे तुला माहीत आहेच.

मला समजलं ते असं. पुण्यात कुठल्याशा कंपनीत बसून एका पुढाऱ्याची सोशल मीडियावरची पानं चालवायची. काही त्याच्या नावाची, काही बिननावाची. रोज दोन-तीन रील, निवडणूक आली की दहा-बारा. पगार आत्ताच्या जवळजवळ दुप्पट. आणि तू बेळगावची, त्यामुळे सीमाप्रश्नाचं खातं तुझ्याकडे, कारण तुझ्या बोलण्याला "आपलेपणा" आहे, असं ते म्हणाले.

पैसा वाईट असं सांगणारा बाप मी नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन लांबतंय ते पैशामुळेच, आणि तुझ्या शिक्षणाचं कर्ज फिटायला अजून वेळ आहे. तेव्हा "पगारावर जाऊ नकोस" हे वाक्य या पत्रात सापडणार नाही. पण मी आयुष्यभर पेपर विकला. त्या धंद्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे, तेवढी ऐक.

पेपर हातात आला की लोक मथळा बघतात. आम्ही एजंट लोक शेवटचं पान उलटतो. तिथे तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते: मुद्रक, प्रकाशक, संपादक, कुठे छापला, पत्ता काय. तू लहान असताना गठ्ठे सोडायला कट्ट्यावर यायचीस तेव्हा मला विचारलं होतंस, हे एवढं बारीक कोण वाचतं म्हणून. वाचत कोणीच नाही. पण बातमी खोटी निघाली तर कोणाच्या दारात जायचं, ते त्या ओळीत असतं. इंग्रजांनी १८६७ साली कायदा करून ती सक्तीची केली. त्यांचा हेतू काही चांगला नव्हता; सरकारविरुद्ध लिहिणारा माणूस पत्त्यासकट सापडावा, एवढाच. पण साहेबाच्या सोयीसाठी आलेली ओळ पुढे वाचकाच्या उपयोगी पडली.

निवडणुकीच्या पत्रकालाही तोच नियम. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७ अ कलम. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे मला पाठ का आहे, ते सांगतो. मागे एका विधानसभेच्या वेळी, मतदानाच्या आदल्या रात्री, एक जण स्कूटरवरून पत्रकांचा गठ्ठा घेऊन दारात आला. उद्याच्या पेपरात घालायची, नेहमीच्या दुप्पट दर, रोख. मी एक पत्रक दिव्याखाली धरलं. अमुक उमेदवाराने माघार घेऊन तमुकाला पाठिंबा दिलाय, असा मजकूर. वर झेंडा, मध्ये फोटो, खाली कोरं. मी म्हटलं, "खालची ओळ कुठाय?" तो हसला. "मामा, तुम्ही काय वकील हाय काय?" मी नाही म्हणालो. फार थोर म्हणून नाही, दंडाला भ्यालो म्हणून. सकाळी वडगावात सायकल घेऊन गेलो तर तीच पत्रकं दारादारात सरकवलेली. ज्याच्याबद्दल छापलं होतं तो बिचारा गल्लीगल्लीत "मी उभाच आहे हो" सांगत फिरत होता.

तुझी ती बिननावाची पानं म्हणजे मला तो स्कूटरवरचा गठ्ठा वाटतो. फरक इतकाच की आता रात्रीची वाट बघावी लागत नाही.

तू म्हणशील, आप्पा, आपल्या प्रश्नावर कोणीतरी बोलतंय ना, मग बिघडलं कुठे? २०२२ चा डिसेंबर आठव. त्याच्या तोंडावर, नोव्हेंबरात, कर्नाटकच्या बाजूने महाराष्ट्रातल्या जतच्या गावांवर हक्क सांगितला गेला. महाराष्ट्राचे मंत्री बेळगावला येणार होते, ते आले नाहीत. ६ तारखेला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. माझ्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही पेपरांचे गठ्ठे येतात. त्या आठवड्यात पहाटे मी दोन्ही शेजारी शेजारी मांडायचो. एका भाषेत ट्रक पहिल्या पानावर आणि बस आत, दुसऱ्या भाषेत बस पहिल्या पानावर आणि ट्रक आत. तरीही पेपर बरे म्हणायचे, दोन्हीकडे खाली नाव तरी होतं. मोबाइलवर काय फिरत होतं ते तू पुण्यात बसून माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असशील. १४ तारखेला दिल्लीत गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोर बसवलं. नंतर त्यांनी बाहेर सांगितलं की मोठ्या नेत्यांच्या नावाची खोटी ट्विटर खाती काढून आग लावली गेली, त्यावर गुन्हे दाखल करू. पुढे दोन्ही विधिमंडळांनी आपापले ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ गावं इंच इंच लढवून घ्यायचं ठरलं, कर्नाटकच्या ठरावात इंचही द्यायचा नाही असं ठरलं. संपला डिसेंबर. त्या खोट्या खात्यांमागेही पगारावर बसलेली पोरं असणार. तुझ्याच वयाची.

आणि आपण? सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा २००४ पासून आहे. तेव्हा तू बालवाडीतही नव्हतीस. १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची, काळ्या दिवसाची फेरी संभाजी उद्यानातून निघते, मी जातो. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांसाठी हुतात्मा चौकात जातो. १ जूनला हिंडलग्याला, १९८६ च्या कन्नडसक्तीच्या आंदोलनात गेलेल्यांच्या स्मारकावर जातो. यात माझं मन कधी डळमळलं नाही, आणि तुझंही डळमळावं अशी इच्छा नाही. पण डिसेंबरात इथे कर्नाटकचं अधिवेशन भरलं की महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मेळाव्याला यायला कोल्हापूरहून पुढारी निघतात, हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर पोलीस अडवतात, तिथेच कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटं बोलतात आणि जेवायला कोल्हापूरला परत. मेळाव्याची परवानगी नाकारली म्हणून आमची माणसं इथे पोलीस गाडीत बसलेली असतात, तोवर तिकडची बातमी संपलेली असते. रागाने नाही सांगत. इतकी वर्षं बघून आता हसू येतं.

बातमी न होणारा सीमाप्रश्न वेगळाच आहे. आज्जीच्या येळ्ळूरच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो. तिला वाचता येत नाही, मला अडखळत येतो. जिथे भाषिक अल्पसंख्याक शेकडा १५ च्या वर आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे संरक्षण कधीचंच कागदावर आहे. ते मागायला समितीची माणसं निवेदनं घेऊन जातात, अधिकारी निवेदन घेतात, फोटो निघतो. बळ्ळारी नाल्यात जलपर्णी माजते, पाऊस वाढला की पाणी शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात पसरतं. यंदाही आज्जीची पावसाआधीची धूळवाफ पेरणी उगवून आली आणि खालचा तुकडा पाण्यात बसला. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर मी गेलो तर रोपं चिखलात आडवी, पात्यांवर राखाडी साय. आज्जी बांधावर बसून म्हणाली, "ह्याला मराठी काय आणि कन्नड काय, पाणी दोघांचं बी खातंय." शेजारचा तुकडा कन्नड घरातल्या माणसाचा आहे, त्याचंही तेच झालं. हलगा-मच्छे बायपासचं तर तुला ठाऊकच आहे. पिकाऊ जमीन, कितीदा स्थगिती आली, कितीदा यंत्रं परत शेतात उतरली. या सगळ्यावर तुझी कंपनी रील करेल? करेलही, त्यांच्या पुढाऱ्याला ज्या आठवड्यात हवं असेल त्या आठवड्यात.

समितीचं काय झालं तेही बघ. २०१३ ला विधानसभेत दोन आमदार, २०१८ ला शून्य, २०२३ ला शून्य. २०२१ ला महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा पक्षांच्या चिन्हावर झाली, ५८ पैकी ३५ जागा भाजपला गेल्या आणि एके काळी आपलाच महापौर करणारी समिती बोटावर मोजण्याइतकी उरली. लोक म्हणतात मराठी माणूस बदलला. मला तसं वाटत नाही. मी दारोदार बिल वसुलीला जातो, तेव्हा ऐकतो. माणूस तोच आहे. त्याच्यापुढे एकाच वॉर्डात समितीचेच दोन-दोन जण उभे राहिले, आणि त्याला गटार, पाणी, उतारा यासाठी ज्याला फोन लावला तर उचलेल असा नगरसेवक हवा होता. भावना घरात ठेवून त्याने फोन उचलणारा निवडला. चूक की बरोबर ते तू ठरव, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर आई म्हणेल, पोरीने नोकरीचं विचारलं आणि ह्यांनी अग्रलेख लिहिला.

माझा दिवस पहाटे चारला सुरू होऊन नऊला संपायचा. थंडीत गठ्ठ्याची सुतळी सोडताना बोटं दुखायची, पावसात पेपर भिजला की लोकांची बोलणी खायची. कोणी म्हणालं, जागेच्या व्यवहारात ये, कमिशन बरं आहे. कोणी म्हणालं, मोठी एजन्सी घे. नको म्हटलं, कारण नऊनंतरचा दिवस माझा होता. तुला शाळेत सोडायला मी होतो, तुझे आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना अंघोळ घालायला मी होतो, आणि दुपारी सार्वजनिक वाचनालयात बसायला मी होतो. पैसे बेताचेच मिळाले. करोनात लोक पेपरला हात लावायला घाबरले, निम्मी गिऱ्हाइकं गेली ती परत आलीच नाहीत, आणि आता उरलेली पोरं सकाळी मोबाइलवरच वाचतात. धंदा बुडतोय हे मला दिसतं. पण महिन्याच्या एक तारखेला बिलबुक घेऊन गेलो की माणसं दारातून आत बोलावतात, चहा टाकतात. कारण इतक्या वर्षांत त्यांच्या दारात मी काय टाकलं ते त्यांना माहीत आहे, आणि टाकणारा कोण तेही.

तुझ्या नोकरीत हेच मला दिसत नाही. तू जे लिहिशील ते लाखो लोक वाचतील आणि ते कोणी लिहिलं हे एकालाही कळणार नाही. चांगलं लिहिलंस तर श्रेय पुढाऱ्याचं. वाईट लिहिलंस आणि त्यावरून कुठे काच फुटली, तर उत्तर कोणाचंच नाही. तुझ्या वयात हे सोयीचं वाटतं. "आप्पा, माझं नावच नाही तिथे" असं तू म्हणालीस, तेव्हा तुला ते माझ्या काळजीवरचं उत्तर वाटलं. माझी काळजी नेमकी तीच आहे.

सीमाभागावर काम करायचंय तर तुझ्या नावाने कर. तू भाषांतर उत्तम करतेस, कन्नड माझ्यापेक्षा दहापट चांगलं येतं तुला. सुट्टीला आलीस की आज्जीच्या गल्लीतले चार उतारे, दोन नोटिसा मराठीत करून दे. त्याला लाइक मिळणार नाहीत, पण तलाठ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईला ते पुरतं. आणि पत्रकारितेतच जायचं असेल तर एखाद्या लहान पेपरात जा, पगार कमी असेल, पण खाली ओळ असेल.

तरीही मी नको म्हणत नाही. घर तुझं आहे, वय तुझं आहे, आणि आईच्या ऑपरेशनचा विचार तू करतेस याचं मला बरं वाटलं. फक्त होकार द्यायच्या आधी त्यांना तीन गोष्टी विचार आणि मला कळव. बिननावाच्या पानावर काय जायचं ते शेवटी कोण ठरवतं? एखादी गोष्ट खोटी आहे असं तुला वाटलं आणि तू नाही म्हणालीस, तर काय होतं? आणि पगार कोणाच्या नावाच्या खात्यातून येणार आहे? नेमणुकीचं पत्र दिलं असेल तर त्याचा फोटो पाठव, वरचा मजकूर नको, सही-शिक्क्याचा भाग तेवढा नीट दिसू दे.

आई विचारतेय कुंदा पाठवू की मांडे. मांडे वाटेत मोडतील असं मी म्हटलं, पण तिचं तू बघ.

तुझा,
आप्पा