गाविलगडाला दिवाळीनंतर माणसं हवी आहेत

प्रति,
मा. पालकमंत्री, अमरावती जिल्हा

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की मेळघाटातली कोरकू कुटुंबं कामाच्या शोधात घाट उतरू लागतात. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याला माणसांची खरी गरज नेमकी याच दिवसांत असते. पावसाळ्यात तरोटा आणि रायमुनियाने वाटा बुजलेल्या असतात, तटाच्या सांध्यांत पिंपळाची नवी रोपं धरलेली असतात. माणसांना काम आणि गडाला माणसं, या दोन गरजा एकत्र जोडाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

चिखलदऱ्याला आलेली मंडळी बहुधा पॉइंट बघतात, गडाच्या दारात फोटो काढतात आणि परततात. आतले तलाव, मशीद, तोफा रानातच राहतात. शार्दूल दरवाजावर दोन डोक्यांचं गंडभेरुंड पाखरू हत्तींना पकडून बसलंय. हा गड ज्यांच्याकडे होता, त्या वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क मूळचा विजयनगरच्या मुलखातला. तिकडचं हे चिन्ह वऱ्हाडच्या दगडात कसं उतरलं, हे तिथे उभं राहून पोरांना सांगणारं कुणी नाही.

१५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी हा गड घेतला. दक्षिणेचे कडे चढणं अशक्य, म्हणून तोफा डोंगरांतून ओढत उत्तरेला नेल्या आणि तिथला तट फोडला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. त्या स्वारीचा सेनापती ऑर्थर वेलस्ली पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनशी जिंकला. आमच्या मुलांना वॉटर्लू पाठ असतं. बेनीसिंह ठाऊक नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

साहेब, गडावर दिव्यांची रोषणाई नको, सिमेंटची डागडुजी तर नकोच. सिमेंट ओल आत कोंडून धरतं आणि जुना दगड झिजतो. तिथे चुनाच हवा. पिंपळाचं रोप हिसकून उपटलं तर सांध्यातला दगड सोबत निघतो. ते बुडाशी कापून, मूळ मारून, मगच सांधा भरावा लागतो. हे जाणत्याच्या देखरेखीखाली शिकून घ्यायचं काम आहे आणि दरवर्षी करायचं आहे. रानाची ओळख असलेल्या आमच्या पोरांना ते नीट जमेल. त्यांच्यातूनच वाटाडेही तयार होतील.

गड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, भोवतालचं जंगल वनखात्याकडे, मजुरीचा पैसा तिसरीकडे. या सगळ्यांना एका बैठकीत बसवणं आम्हा गावकऱ्यांच्या हातात नाही. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष म्हणून ते आपल्याला शक्य आहे. ही बैठक दिवाळीच्या आधी घ्या, म्हणजे माणसं घाट उतरण्यापूर्वी हजेरीपट उघडेल. सुरुवात उत्तरेच्या तटापासून करावी, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
अचलपूर तालुक्यातील एक शेतकरी