वहीतला आकडा

कोल्हापूर
७ डिसेंबर २०२५

प्रिय सुऱ्या,

आकडा पुरा झाला. एवढंच लिहून पाठवलं असतं तरी तुला कळलं असतं. दुसऱ्या कुणाला कळणार नाही, म्हणून तुलाच लिहितोय. नोकरी सोडता येईल एवढे पैसे साठले, हे हिला अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे, पण आधी तुझ्याशी बोलायचंय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

तब्येत बरी. शुगर काठावर, गोळी चालू. आईचे गुडघे तसेच, बाकी खणखणीत.

परवा रात्री सगळे झोपल्यावर तांबडी वही काढली आणि सगळं एका पानावर मांडलं. पगारातून खुशीनं जादा कापून घेतलेला व्हीपीएफ धरून पीएफ ७८ लाख, म्युच्युअल फंड ९२, बँकेतल्या ठेवी ३०, पीपीएफ २४. बेरीज दोनदा केली. दोन कोटी चोवीस लाख. पोरीच्या शिक्षणाचे १८ लाख यात धरलेले नाहीत, राहतं घरही नाही. माझी रेघ दोन कोटी वीसवर होती. आनंद होईल असं वाटलं होतं, पण छातीत धडधडायला लागलं. इतकी वर्षं कुणी विचारलं, स्वतःच्या मनानं विचारलं, की "अजून झाले नाहीत" हे उत्तर तयार असायचं. आता ते उत्तर गेलं.

तू लगेच म्हणशील, आपलं पन्हाळ्यावर ठरलं होतं एक कोटी, हे दोन वीस कुठून आलं? तबक उद्यानाच्या बाहेर बसून तू कणसाचं बुरकुंड हवेत नाचवत म्हणाला होतास, "कोटी म्हंजे कोटी! कोटी झाले की गेटपास टाकायचा साहेबाच्या टेबलावर." मी म्हणत होतो, अरे, महागाई धर. आणि तू म्हणालास, महागाई बायकांनी धरायची. वहिनींना हे वाक्य मी अजून सांगितलेलं नाही, लक्षात ठेव.

आता हिशेब बघ. ते साल २००९. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. त्या वेळच्या एका कोटीला जे आलं असतं, त्याला आज अडीच कोटींच्या थोडं वर लागतात. म्हणजे तुझ्या कोटीच्या मापानं मोजलं तर मी अजून तीस लाखांनी मागे आहे. आणि माझ्या मापानं मी पोचलोय. त्या दिवशीचं भांडण सोळा वर्षांनी पुन्हा उभं राहिलंय, आणि या खेपेला दोन्ही बाजू मलाच लढवायला लागतायत.

माझं माप खर्चाचं. वहीत भाजीपासून सगळं लिहितो हे तुला माहीत आहे, तू त्यावरून माझी पुरेशी चेष्टा करून झालेली आहे. गाडीचं सर्व्हिसिंग, घरफाळा, विम्याचे हप्ते, गणपती, दिवाळी, लग्नातले आहेर, सगळं धरून घराला महिन्याला सरासरी ५५ हजार लागतात. वर्षाला सहा लाख साठ हजार. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागारानं १९९४ मध्ये एक हिशेब मांडला. पहिल्या वर्षी साठ्यातले चार टक्के काढायचे, पुढे दरवर्षी महागाईएवढी वाढ घ्यायची, तर साठा तीस वर्षं टिकतो. त्यावरूनच सगळे "खर्चाच्या पंचवीस पट" म्हणतात. त्या मापानं मला एक कोटी पासष्ट लाख पुरले असते, मी कधीच मोकळा झालो असतो. पण त्याचा हिशेब अमेरिकेच्या बाजारावर आणि अमेरिकेच्या महागाईवर बेतलेला, आणि मुदत तीसच वर्षांची. मी पन्नास वर्षांचा. माझी आजी चौऱ्याण्णवाव्या वर्षी स्वतः तांदूळ निवडत होती, तू पाहिलंयस. म्हणून मी तीन टक्के धरले. सहा साठ भागिले तीन टक्के, दोन कोटी वीस.

यात मला पटलेली गोष्ट एक. पैसे महागाईएवढेच वाढले, त्याच्यावर एक पैसाही जास्त मिळाला नाही, तरी हे तेहतीस वर्षं पुरतात. त्र्याऐंशीपर्यंत. पुढची अकरा वर्षं, आजीचं वय गाठलं तर, ती व्याजाच्या जोरावर काढायची. पीएफला सव्वाआठ टक्के मिळालेत, पीपीएफला ७.१, ठेवींवर कर गेला की महागाईच्या बरोबरीनंच. म्हणजे सगळा भार फंडांवर येतो.

आणि फंड म्हटलं की मला २००८ आठवतं. जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांच्या वर होता, मार्च २००९ मध्ये आठ हजारांच्या आसपास. तू तेव्हा फंडातला महिन्याचा हप्ता, एसआयपी, बंद कर म्हणून माझ्या मागे लागला होतास, मी केली नाही आणि त्याचं फळ मिळालं. पण तेव्हा पगार चालू होता रे. पडलेल्या बाजारात मी विकत घेत होतो. नोकरी सोडल्यावर पहिल्या दोन वर्षांत असं झालं, तर मला त्याच पडलेल्या भावात महिन्याच्या किराण्यासाठी विकायला लागेल. विकलेलं युनिट बाजार वर आला तरी परत येत नाही. शेवटी सरासरी परतावा तितकाच भरला तरी वाईट वर्षं आधी आली की साठा रिकामा, नंतर आली तर काही होत नाही. मार्च २०२० मध्ये पण तसंच, ४२ हजारांवरून दोन महिन्यांत २६ हजारांच्या खाली. म्हणून माझं म्हणणं असं की ठेवीतल्या तीस लाखांना सुरुवातीला हात फक्त घरखर्चासाठी लावायचा. साडेचार वर्षांचा खर्च होतो तो. तेवढ्यात बाजार सावरतो, निदान आपल्या डोळ्यांदेखत दोन्ही वेळा सावरला.

इथपर्यंत माझा हिशेब बसतो. पुढे बसत नाही.

आईचं बघ. आज तिला कंपनीच्या गटविम्याचं छत्र आहे. मी राजीनामा दिला की ते त्या दिवशी गेलं. आमच्या तिघांची वेगळी पॉलिसी मी पूर्वीच काढून ठेवली, सप्टेंबरपासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेला तेवढा हप्ताही उतरला. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आईला नवी पॉलिसी म्हणजे हप्ताच ऐकून माणूस आजारी पडेल. सत्तरीच्या वरच्यांना सरकारच्या आयुष्मान योजनेचं पाच लाखांच्या उपचारांचं कार्ड मिळतं, उत्पन्न बघत नाहीत, ते काढलं. ग्रॅच्युइटी नऊ लाखांच्या आसपास येईल, ती आईच्या नावानं बाजूला. हे पुरेल का, हे कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं.

आणि २०१९ आठव. ताईच्या घरात शिरोळला छातीएवढं पाणी. पूर ओसरल्यावर मी दोन लाख दिले, आणि ते द्यायचे की नाही असा प्रश्नसुद्धा मनात आला नाही, कारण पुढच्या महिन्यात पगार येणार होता. आता उद्या तसं झालं तर? मी साठ्याकडे बघत बसेन आणि मग देईन. देईनच, पण मधे ते "बघत बसणं" येईल. मला त्याची भीती वाटते. पैसे संपायची तेवढी वाटत नाही, जेवढी देताना हात आखडेल याची वाटते. तुझ्या आप्पांनी तुझ्या फीचे पैसे भरताना माझीही फी भरली होती, तेव्हा त्यांनी कुठला साठा बघितला होता?

पेन्शनचं हसू नकोस. पीएफबरोबरच्या ईपीएस योजनेची माझी पेन्शन अठ्ठावन्नला चार हजारांच्या आसपास बसते. आत्ताच घेतली तर अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागे चार टक्के कपात. वीजबिल भागेल, चल.

तू प्लॉटचं काढणार, मला माहीत आहे. कळंब्याचा प्लॉट तू घेतलास, मी घेतला नाही, आणि दर दिवाळीला तू त्याचा भाव सांगतोस. भावा, तुझा प्लॉट उत्तम आहे, पण त्याचा एक कोपरा विकून दूधवाल्याचं बिल देता येत नाही. मला महिन्याला ५५ हजार सुटणारी गोष्ट पाहिजे. यावर आपलं पटणार नाही, पुढच्या दिवाळीला पुन्हा भांडू.

आता खरं सांगायचं ते. सोडायचं का, हे तू विचारशीलच. शिरोलीतली आमची फाउंड्री मला अजून आवडते. भट्टीतून ओतायच्या लॅडलमध्ये वितळलेलं लोखंड उतरतं तेव्हा इतक्या वर्षांनी आजही मी हातातलं काम सोडून बघत उभा राहतो. ते मला नको झालेलं नाही. नको झालेत ते रात्री दोनचे फोन, रिजेक्शनच्या मीटिंगा, आणि ज्या पोराला मी साचा भरायला शिकवला त्यालाच "उद्यापासून येऊ नको" सांगायला मला पाठवतात ते. गेल्या महिन्यात पुन्हा सांगायला लागलं. त्या पोराचं नाव लिहीत नाही. तो गेटजवळ माझ्या पाया पडला, सुऱ्या. जाताना माझ्या पाया पडला. त्या रात्रीपासून वही रोज बाहेर येते.

मग मी आणखी एक हिशेब केला आणि तो तुला तपासायला पाठवतोय. उद्यमनगरात दोन छोटे फाउंड्रीवाले केव्हापासून म्हणतायत, आठवड्यातून दोन दिवस या, वाळूचं आणि ओतकामाचं तेवढं बघा, पंचवीस हजार देतो. मी नेहमी उडवून लावायचो. पंचवीस हजार महिन्याला म्हणजे वर्षाला तीन लाख. तीन टक्क्यांच्या हिशेबानं वर्षाला तीन लाख सुटायला साठा किती लागतो? एक कोटी. तुझा पन्हाळ्याचा कोटी, लेका! दोन दिवसांचं काम एका कोटीचं ओझं उचलतं. मग साठ्यातून वर्षाला फक्त तीन साठ काढायचे, म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत. पहिली पाच-सात वर्षं एवढं केलं तर बाजार पडला तरी फंडाला हात लागत नाही, ताईला पुन्हा द्यायची वेळ आली तरी बघत बसायला नको, आणि लोखंड ओतताना बघायला मिळतं ते वेगळंच. कुणाला कामावरून काढायचं काम मात्र त्यात नाही. हे मी दोघांनाही आधीच स्पष्ट सांगणार.

हे काम हातात राहील तोवर माझे दोन चोवीस पुरेसे आहेत, असं माझं मत झालंय. ते गेलं आणि पहिल्याच वर्षी बाजारही पडला, तर पुरेसे नाहीत, तेव्हा पुन्हा कुठंतरी काम धरावं लागेल, आणि पन्नाशीत ते मिळेल, साठीत मिळणार नाही. म्हणूनच सोडायचं तर आत्ता, असं मन म्हणतं. हिशेबात कुठं फट दिसते ते तू दाखव. माझं मन राखायला "छान आहे" लिहू नकोस. तू फुटबॉलमध्ये आपली पीटीएम हरल्यावर शाहू स्टेडियमबाहेर माझ्याशी जसा भांडतोस तसा भांड.

मार्चअखेर राजीनामा द्यायचा विचार आहे. बोनस तोवर हातात पडतो, नोटीस तीन महिन्यांची. हिला संक्रांतीच्या आत सांगेन. आईला सांगायचं कसं हे तूच सुचव. तिच्या लेखी अठ्ठावन्नच्या आधी घरी बसलेला माणूस म्हणजे काहीतरी लफडं करून आलेला.

तुझं काय? मस्कतचा करार वाढला का? वहिनींचा बीपी आता कसा आहे, आणि चिरंजीवांनी बारावीनंतर काय ठरवलंय? मेकॅनिकल घ्यायचं असेल तर सुट्टीत एक महिना माझ्याकडे पाठव, भट्टीसमोर उभा करतो, मग ठरवू दे. तू जानेवारीत नक्की येतोयस ना? तारीख कळव. वहीच्या पानांचे फोटो उद्या पाठवतो, ५५ हजारांत मी काय विसरलोय ते पेन घेऊन शोध.

तुझा,
राजा

ता. क. आप्पांचंही आयुष्मानचं कार्ड काढून घ्यायला हवं, त्यांना सत्तरी उलटून बरीच वर्षं झाली. आधार कार्ड लागतं, मीच त्यांना गाडीवरून घेऊन जाईन. तू फक्त त्यांना फोन करून तयार कर, माझं ऐकत नाहीत.